पहिल्या सणाचा केक

केक हा साधा पदार्थ आहे असं ज्या इंग्रज बाईने पुस्तकात छापून ठेवलं, तिची आणि माझी एकदा भेट व्हायला हवी. भांडायचं नाही मला. नुसतं समोर बसवून विचारायचं आहे, की बाई, तुम्ही हा केक केलात तेव्हा तुमच्या गावात दारूबंदी होती का? तुमच्या आळीत सल्ला देणारी तोंडं किती होती? आणि तुमच्या चुलतभावाची केळीची बाग होती का? तिन्ही उत्तरं मला ठाऊक आहेत. अशा परिस्थितीत कोणाचाही केक साधाच होईल.

मी जळगावला हायस्कुलात भूगोल शिकवतो. जगातली कुठलीही खाण, कुठलंही बंदर डोळे मिटून नकाशावर दाखवीन. प्रत्यक्षात माझी मजल पूर्वेला भुसावळ आणि पश्चिमेला धुळं. भूगोलाच्या माणसाला एक खोड लागते. वस्तू समोर आली की ती कुठून आली असेल इकडे मन जातं आणि लवकर परत येत नाही. आमच्या घरात याला 'मास्तर निघाले' असं म्हणतात. मी निघालो की कुंदाबाई, म्हणजे माझी पत्नी, माझ्यापुढचा चहा मुकाट्याने झाकून ठेवते.

आमच्या आळीच्या टोकाला मार्थाबाई वाघचौरे राहतात. त्या नर्स होत्या. आळीतली निम्मी माणसं त्यांच्या हातावर जन्मली, आणि उरलेल्या निम्म्यांना त्यांनी कधी ना कधी सुई टोचली आहे. त्यांचे यजमान दाविदराव रेल्वेत गार्ड होते. दर नाताळला बाईंच्या घरून सात घरी सात ताटल्या येत. वर क्रोशाचा रुमाल, खाली करंज्या, चकल्या, शंकरपाळे आणि कडेला बोटभर जाडीचा केकचा तुकडा. करंज्या बाईंच्या, केक दाविदरावांचा. भुसावळच्या एका बेकरीवाल्याची भट्टी ते ओळखीवर तासभर मागून घेत, स्वतः केक भाजत आणि आपल्याच गाडीच्या ब्रेकव्हॅनमधून, म्हणजे गार्डाच्या शेवटच्या डब्यातून, घरी आणत.

त्या तुकड्याबद्दल मला जरा सविस्तर बोललं पाहिजे. तो मी एकदम खात नसे. सगळे झोपाळ्यावरून, ओट्यावरून उठून गेले की मी एकटा बसून तो खाई. मनुका दाताखाली आली की मी स्मर्नाच्या बंदरात उतरलेला असे. लवंग आली की झांझिबार. जायफळाने मला मोलुक्का बेटांपर्यंत नेलेलं आहे. आणि या सगळ्यांच्या मागे आणखी एक वास असे, अगदी पुसट. तो मसाल्याचा नव्हता, साखरेचा नव्हता, आणि कुठल्या देशाचा हे मला कधी ठरवता आलं नाही. तो आला की उगीचच आपण सामान बांधून कुठेतरी लांब निघालो आहोत असं वाटे. वर्षातून एकदा, पाच मिनिटं, बोटभर जाडीचा प्रवास. त्यावर मी पुढचं वर्ष काढत असे.

एकावन्न सालच्या आषाढात दाविदराव गेले. ड्यूटीवरून आले, बूट काढले, छातीत दुखतंय म्हणाले, एवढंच. त्यांचा काळा कोट बाईंनी खुंटीवरून काढला नाही.

आता आमच्याकडे रीत अशी, की ज्या घरातलं माणूस गेलं, त्या घरात पहिल्या सणाला कढई चढत नाही. गोड नाही, तळण नाही. शेजारी आपल्या घरून ताटं नेतात, बसतात, दोन घास खायला लावतात, आणि मग ते घर पुढचे सण करायला मोकळं होतं. अशी ताटं विचारून न्यायची नसतात, कारण दुःखातलं माणूस विचारल्यावर नकोच म्हणतं. आणि त्या दिवशी त्या घराने उलट काही द्यायचंही नसतं. दिवाळी येऊन गेली, पण ती बाईंची नव्हे. बाईंचा पहिला सण नाताळ.

डिसेंबर लागला तशा आळीतल्या बायका आमच्या ओट्यावर जमल्या. करंज्या कुंदाबाईने घेतल्या, चकल्या शेजारच्या मंदाबाईंनी घेतल्या, शंकरपाळ्यांची वाटणी झाली. मग मंदाबाई म्हणाल्या, "सगयं झालं. पन तो केक कोन करीन? त्याच्याबिगर बाईचा नाताय कसा व्हईन?"

सगळ्या एकमेकींकडे पाहू लागल्या. मी कोपऱ्यात वर्तमानपत्र वाचत होतो, म्हणजे ते धरून बसलो होतो. त्यावर मला रिकामी ताटली दिसली. मग खुंटीवरचा कोट दिसला. मग, खोटं कशाला बोलू, तो बोटभर जाडीचा तुकडाही दिसला.

"मी करतो," मी म्हणालो.

"तुमी?" कुंदाबाई म्हणाली. त्या एका शब्दात तिने आमच्या अठरा वर्षांच्या संसारात मी केलेल्या कामांचा आढावा घेतला. तो लवकर संपला.

पुस्तक मला शाळेतच मिळालं. सत्तेचाळीस साली इंग्रज कलेक्टर गेला तेव्हा त्याच्या बंगल्यातली पुस्तकं आमच्या शाळेला आली, त्यात मेमसाहेबांचं हे स्वयंपाकाचं पुस्तक होतं. ते कुठे लावावं हे न कळून हेडमास्तरांनी ते भूगोलाच्या कपाटात लावलं होतं. 'साधा फ्रूट केक' या मथळ्याखाली अर्धं पान. मी ते रीतसर मराठीत उतरवलं. मैदा, साखर, लोणी, मनुका, बेदाणे इथवर अडचण नव्हती. पुढे होतं: अंडी चार, ब्रँडी दोन चमचे, भट्टी 'मॉडरेट'. हा मॉडरेट शब्द बेकरीवाल्याला कळला नसता, पण भूगोलाच्या माणसाला त्याचं काय? मी लिहिलं, 'समशीतोष्ण'. हा शब्द वहीत उतरल्यावर मला वाटलं की निम्मं काम झालं.

मी वही वाचून दाखवली. कुंदाबाई चौथ्या ओळीला थांबली.

"ते माह्या घरात येनार नाही."

ते म्हणजे अंडं. आमच्या घरात त्याचं नाव घेत नाहीत.

"बरं, ओट्यावर?"

"आयीतसुदिक येनार नाही."

मी आणखी मागे सरून आळीच्या तोंडापर्यंत आलो, पण तहाची बोलणी तिथेच मोडली. मंदाबाईंनी सुचवलं की त्याच्याऐवजी दही घाला. दुसरीने सुचवलं, बेसन. तिसरीच्या मावशीने पिंपळनेरला एका मिशनरी बाईला खाण्याचा सोडा घालताना पाहिलं होतं. मी सगळ्यांचे सल्ले समासात लिहून घेतले. तिसऱ्या दिवशी समासात मजकूर जास्त झाला आणि मधे केक कमी उरला.

अंड्यावर मी माघार घेतली असती, पण ब्रँडीवर घेणार नव्हतो. कारण तोवर माझी खात्री पटली होती, की केकमागचा तो पुसट वास, तो सामान बांधून निघाल्यासारखा वास, ब्रँडीचाच असणार. मी ब्रँडी कधी पाहिलेली नाही. पण जी वस्तू पाहिलेली नाही तिच्याबद्दल खात्रीने बोलणं हा माझा रोजचा व्यवसाय आहे.

दारूबंदी येऊन दीड वर्ष झालं होतं. परवाना लागतो असं कळलं, म्हणून एका शनिवारी दुपारी मी धुतलेलं धोतर नेसून त्या ऑफिसात गेलो. तिथला कारकून सभ्य होता. त्याने फॉर्म काढला, दौतीत टाक बुडवला आणि विचारलं, "किती वर्षांपासून घेता?"

"मी घेत नाही. मनुका भिजवायच्या आहेत. केकमध्ये."

"केक कशासाठी?"

"आमच्या आळीत एक दुःखाचं घर आहे. त्यांच्यासाठी."

त्याने टाक खाली ठेवला. "मास्तर, दुःखासाठी परवाना नाही. व्यसनासाठी आहे. तुम्ही डॉक्टरांचा दाखला आणा, की तुम्हाला रोजची सवय आहे आणि एकदम सोडली तर जिवाला धोका आहे. मग मी बघतो."

"पण मला वर्षातून एकदा दोन चमचेच लागणार."

"हे पाहा, एवढं व्यसन नियमात बसत नाही," तो फार कळवळून म्हणाला. माझ्यासाठी त्याला काहीतरी करायचं होतं, हे मला दिसत होतं. त्याने मला नियमांचं पुस्तकही उघडून दाखवलं. त्यात दुःख खरोखरच कुठे नव्हतं.

मी बाहेर आलो तो दारात आमच्या शाळेचा शिपाई धनसिंग. शिंदखेड्याकडचा माणूस, मनाने निर्मळ. शाळेचं टपाल वाटत तो तिथे आला होता. त्याने वरची पाटी वाचली, मग मला वाचलं.

"मास्तर, तुम्ही आठे? या हाफिसात?"

"केकचं काम होतं, धनसिंग."

"हां, हां," तो डोळे पुसल्यासारखं करत म्हणाला. "काळजी करू नका. मी कोनलेच काई सांगाव नही."

आणि त्याने शब्द पाळला. सोमवारी सकाळपासून तो शाळेत प्रत्येकाला गाठून एवढंच सांगत होता, की पितांबर मास्तरविषयी कोणी कितीही विचारलं तरी मी काही सांगणार नाही.

दुपारी हेडमास्तरांनी मला बोलावलं. दार लावून घेतलं. मला स्वतःच्या हाताने चहा ओतून दिला, जे त्यांनी बारा वर्षांत केलं नव्हतं. म्हणाले, "माझ्या थोरल्या भावालाही सवय होती. लपवण्यात अर्थ नाही." मी केक, मनुका, नाताळ, सगळं सांगितलं. ते मान हलवत राहिले. मी जितकं खरं सांगत होतो तितकं त्यांना वाईट वाटत होतं. शेवटी पाठीवर हात ठेवून म्हणाले, "इच्छा झाली की गोड खात जा. त्याने ओढ कमी होते. केकबिक खायला काही हरकत नाही."

त्या दिवशी मी घरी आलो आणि बाजेवर भिंतीकडे तोंड करून पडलो. कुंदाबाईने चहा आणला, पाहिलं आणि झाकून ठेवला. पण मी निघालो वगैरे नव्हतो. मी इथेच होतो, जळगावात, आणि जळगावात तोंड दाखवायला जागा नव्हती.

बातमी गुरुवारी असोद्याला, आमच्या गावी, पोचली. शुक्रवारी माझे चुलतभाऊ सुपडूभाऊ छकड्यातून आले. उतरले ते केळीचं अख्खं लोंगर खांद्यावर घेऊन, कारण आमच्याकडे रागवायला येतानाही कोणी रिकाम्या हाताने येत नाही.

"काबरे पितांबर, दारू कायले प्याले लागला तू?"

मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. ते लक्ष देऊन ऐकत होते, पण त्यांचं लक्ष एका शब्दाला अडकलं.

"फयाचा केक म्हनतो. अन् त्याच्यात केयं नाही?"

"नाही भाऊ. पुस्तकात मनुका, बेदाणे..."

"जयगावात बसून फयाचा केक करतो, अन् केयं नाही? लोकाइनं आयकलं त काय म्हनतीन? दारूचं मी सांभायून घीन. पन हे कसं सांगू लोकाइले?"

इथे कुंदाबाईने तोंड घातलं. "ते कायले घालत व्हते हो? चिकटपनासाठीच ना?" तिने लोंगरातलं एक पिकलं केळं सोललं, कुस्करलं, दोन बोटांत धरून ताणून पाहिलं. "हे घ्या. चिकट हाये."

असा चार अंड्यांचा प्रश्न एका केळ्याने सोडवला. एका केळ्याने म्हणजे सुपडूभाऊंच्या आग्रहाने बावीस केळ्यांनी. ब्रँडीच्या जागी मोसंब्याचा रस आला. मनुकांनी तक्रार केली नाही.

भट्टीचं उरलं. पावाच्या भट्टीला कुंदाबाईची परवानगी नव्हती, कारण तिथे त्या नाव न घेण्याच्या वस्तूचा वावर असतो. सुपडूभाऊ म्हणाले, "भट्टी कायले पाह्यजे? भरीत भाजतो तसा भाजू. चोवीस तारखेले वावरात ये."

हिवाळ्यात आमच्या गावाकडे वावरात कपाशीच्या वाळल्या काड्यांचा जाळ करून हिरवी वांगी भाजतात आणि तिथेच बसून भरीत-पुरी खातात. तेव्हा कल्पना वाईट नव्हती. मी, सुपडूभाऊ आणि डालडाचा एक डबा, एवढ्यांनी हे काम व्हायचं होतं. मी पोचलो तेव्हा वावरात चाळीस माणसं बसलेली. निवडणुकीचे दिवस होते. सुपडूभाऊंच्या वावरात कोणीतरी जळगावचा माणूस काहीतरी भाजणार आहे, एवढंच गावाला कळलं होतं.

"कोन्या पक्षाचं भरीत हाये?" एक म्हातारेबुवा मला विचारत होते.

"पक्ष नाही आबा, केक आहे."

"निशानी केक हाये का?" त्यांनी विचार केला. "चांगली नाही. लोकाइले वयखू येनार नाही. बैल घ्या, झाड घ्या."

खड्डा केला, निखारे पसरले, तुपाचा हात लावलेल्या डब्यात ते पिवळट, गोड वासाचं पीठ ओतलं, वर झाकण, झाकणावर निखारे. भोवती वांगी. मी सगळ्यांना समजावून सांगितलं, की आग समशीतोष्ण असावी. ध्रुवाकडची नको, विषुववृत्ताची नको. चाळीस माणसांनी माना हलवल्या. पण आमच्याकडे जळत्या जाळाजवळ नुसतं बसणं कोणाला जमत नाही. मी पाठ फिरवली की एक जण वाकून म्हणे, जाळ मंदावला, आणि दोन काड्या सारी. दुसरा म्हणे, जाळ फार झाला, आणि पाणी शिंपडी. वांग्यांतलं एकेक फुटून शिट्टी वाजवत होतं. लसूण आणि मिरच्या त्याच जाळावर भाजायला आल्या.

आणि मी तिथून निघालो. इलाज नव्हता. सायंकाळचं ऊन उतरलं होतं, केळीच्या बागेवर दंव धरायला लागलं होतं, आणि काड्यांचा निळा धूर सरळ वर न जाता जमिनीलगत पसरत होता. पानांची टोकं तेवढी त्याच्या वर दिसत, बेटांसारखी. मला वाटलं, मोलुक्का अशीच दिसत असतील. मी एका बेटावरून दुसऱ्यावर हळूहळू जात होतो. कुठेतरी माणसं हसत होती, कोणीतरी माझ्या हातात भरीत-पुरी दिली, मी ती खाल्लीही असेन. कोणी हाक मारत नव्हतं, कोणाला काही समजावून सांगायचं नव्हतं, मी व्यसनी नव्हतो, मास्तरही नव्हतो. असं सुख मला शाळेत किंवा घरात मिळालेलं नाही.

"पितांबर! तुहा डबा!"

डबा अडीच तास निखाऱ्यात होता. पुस्तकात एक तास दिला होता.

छकड्यात तो गोणपाटात गुंडाळून मांडीवर घेतला. ऊब छान लागत होती. बैलांच्या घुंगरांनी डोळा लागला, आणि दाविदराव दिसले, काळा कोट घालून, छकड्याच्या मागच्या बाजूला उभे. हातात हिरवा बावटा. मी म्हणालो, "दाविदराव, करपला हो." त्यांनी खिशातून घड्याळ काढून पाहिलं, मान डोलावली आणि बावटा दाखवला. गाडी वेळेवर आहे, असा त्याचा अर्थ असावा. जागा झालो तेव्हा जळगावचे दिवे दिसत होते आणि माझे डोळे ओले होते. धुराने असतील.

घरी डबा उघडला. वरचा थर कोळसा. खालचा थर दगड. मधे हलव्यासारखा एक लालसर पट्टा, आणि सगळ्याला वांग्याच्या भरताचा, लसणाचा आणि कपाशीच्या धुराचा वास. मी पाहत राहिलो. वाटलं, आपल्याला निदान शोक तरी साधेपणाने करता यायला हवा होता. कुंदाबाई हसेल म्हणून मी वाट पाहत होतो. ती हसली नाही. तिने विळी घेतली, काळं सगळं तासून काढलं, दगड सोडवला, आणि मधला पट्टा ताटलीत नीट लावला. त्यावर तिच्या माहेरचा भरतकामाचा रुमाल घातला.

"झाकला म्हंजे बरा दिसते," ती म्हणाली.

नाताळच्या सकाळी आम्ही सात घरची माणसं मिरवणुकीने बाईंकडे गेलो. त्या नुकत्याच प्रार्थनेहून आल्या होत्या, पांढऱ्या साडीत. गेल्या आठवड्यात त्या दोन दिवस भुसावळला जाऊन आल्या होत्या. घरात जीव रमत नसेल, असं आम्ही आपसात म्हटलं होतं. ताटांची रांग पाहून त्या दारातच थबकल्या.

"अगं बाई, हे काय सगळं?"

कुंदाबाई पुढे झाली. "बाई, आमची रीत हाये. दुखाच्या घरानं पह्यला सन करायचा नसते. उलटं कोनाले काही द्यायचंही नसते. म्हनून तुमचा सन आमी आनला."

बाई दारातून बाजूला झाल्या. आम्हाला बसवलं. माझ्या वाट्याला जी खुर्ची आली तिच्या समोर त्यांचं जाळीच्या दारांचं कपाट होतं. आणि त्या जाळीतून मला दिसलं: मधल्या फळीवर ओळीने सात ताटल्या. सातांवर सात क्रोशाचे रुमाल.

त्यांच्यात अशी रीतच नव्हती. त्यांनी कढई चढवली होती, सगळं केलं होतं, आणि आता आमच्या घरांची वाट धरणार होत्या. आम्ही सहानुभूतीची ताटं घेऊन त्यांचा सण अडवून बसलो होतो. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी कुठे पाहतोय ते पाहिलं, आणि उठून खुंटीवरचा टॉवेल घेऊन सहज वाळत घातल्यासारखा कपाटाच्या दारावर टाकला.

"बसा हो सगळे," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे या वर्षी काहीच नाही केलेलं."

मग त्यांनी माझा केक खाल्ला. आधी नाकाजवळ नेला. मी मान खाली घातली. पहिला घास घेऊन त्यांनी डोळे मिटले, आणि बराच वेळ उघडले नाहीत. मग दुसरा तुकडा घेतला. मग तिसरा. बायका आपसात बोलत होत्या आणि बाई एकट्या ती सगळी ताटली संपवत होत्या. शेवटी बोटाने कण टिपून खाल्ले. काय हे मन राखणं, मला वाटलं. चाळीस वर्षं लोकांच्या जखमा बांधलेल्या हातांनाच हे जमावं.

मी कोणालाच काही सांगितलं नाही. आठवडाभर बाजेवर पडून त्या सात ताटल्यांचा विचार करत राहिलो. निम्मी लाज होती. उरलेली निम्मी, सांगायला हरकत नाही, हळहळ होती. त्या सातांतली एक माझी होती.

एक जानेवारीला सकाळी दारावर थाप पडली. बाई होत्या, हातात ताटली, वर क्रोशाचा रुमाल.

"कुंदाबाई, पहिला सण म्हणालात ना तुम्ही? तो झाला. आमचं नवं वर्ष आज. हा दुसरा सण. आता देता येतं की नाही?"

कुंदाबाईने एकदा ताटलीकडे पाहिलं, एकदा बाईंकडे, आणि तिच्या लक्षात आलं. "येते बाई," ती हळूच म्हणाली आणि दोन्ही हातांनी ताटली घेतली.

बाई मात्र गेल्या नाहीत. माझ्यासमोर स्टुलावर बसल्या. "मास्तर, आता खा आणि मला सांगा. भुसावळला त्याच भट्टीवर, त्यांच्या वहीत बघून, मी केलाय. जन्मात पहिल्यांदा. बाकीचे चांगलाच म्हणतील. त्यांच्यासारखा झालाय का, हे तुम्हालाच कळेल; कुंदाबाई सांगतात, तुम्ही तो कण कण चाखून खाता. आठ दिवस मी याच्यासाठीच थांबलेय. आणि खोटं बोलू नका."

पदराचं टोक त्यांनी बोटाला घट्ट गुंडाळलं होतं. मी तुकडा घेतला. स्मर्ना लागलं. झांझिबार लागलं. मोलुक्का बेटं जागच्या जागी होती. मी डोळे मिटून थांबलो, त्या मागच्या पुसट वासासाठी. तो आला नाही. मी स्टेशनात उभा होतो आणि गाडी येत नव्हती. डोळे उघडले तर बाई माझ्या तोंडाकडे पाहत होत्या. खोटं बोलवेना, आणि खरंही बोलवेना. अशा वेळी माणूस थट्टेचा आडोसा घेतो.

"सगळं तेच आहे बाई," मी म्हणालो. "फक्त माझ्या केकच्या मानाने धूर जरा कमी पडलाय."

त्या हसतील असं मला वाटलं होतं. त्या हसल्या नाहीत. एकदम उठून उभ्या राहिल्या.

"धूर," त्या म्हणाल्या. "अहो, बरोबर. ब्रेकव्हॅनमध्ये ते डब्याचं झाकण उघडं ठेवायचे. केकला वारा लागू द्यावा म्हणायचे. भुसावळपासून इथवर इंजिनाचा धूर खात यायचा तो. मी वेडी, घट्ट बांधून आणला."

"म्हणजे ती ब्रँडी नव्हती?"

"ब्रँडी? त्यांनी उभ्या आयुष्यात दारूला हात लावला नाही हो."

मला हेडमास्तरांचा चहा आठवला. बाई पुन्हा खाली बसल्या. आता त्या हसत होत्या, आषाढानंतर पहिल्यांदा, आणि पदराने डोळेही पुसत होत्या; दोन्ही एकदमच चाललं होतं. कुंदाबाईने जवळ जाऊन त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"त्या दिवशी तुमचा रुमाल काढला, आणि मला वाटलं ते आलेत ड्यूटीवरून," बाई म्हणाल्या. "म्हणून सगळा खाल्ला मी. तुम्हाला वाटलं असेल, मन राखायला."

मला तेच वाटलं होतं. मी उरलेला केक खिडकीकडे तोंड करून खाल्ला. पुढच्या वर्षी केक बाईंनी करायचा आणि असोद्याला सुपडूभाऊंच्या जाळाशेजारी झाकण उघडं ठेवून तासभर ठेवायचा, असं तिथल्या तिथे ठरलं.

माझा केक केक म्हणून कसा होता, हे मात्र बाईंनी अजून सांगितलेलं नाही.